प्रवाही स्तरातील कणीकरण आणि हवेतील पाण्याचा हिशेब

औषधाची गोळी ही दिसावयास अगदी साधी वस्तू आहे. परंतु तिच्या निर्मितीतील सर्वांत नाजूक टप्पा ती साच्यात दाबली जाण्यापूर्वीच पार पडलेला असतो. औषध व त्याचे सहायक पदार्थ यांच्या बारीक चूर्णापासून सारख्या घडणीचे, सहज वाहणारे व दाबाखाली घट्ट बसणारे दाणे तयार करणे, हा तो टप्पा होय. ह्या क्रियेस कणीकरण म्हणतात. कणीकरणाच्या निरनिराळ्या पद्धतींपैकी जिच्यात चूर्ण हवेच्या झोतावर तरंगत ठेवून त्यावर बंधक द्रावणाचा फवारा मारला जातो, ती प्रवाही स्तराची पद्धत. कारखान्यांतून ती ‘फ्लुइड बेड’ ह्या नावानेच ओळखली जाते. प्रस्तुत लेखात ह्या पद्धतीचे तत्त्व सांगून, तिचे यश हवेतील बाष्पाच्या प्रमाणावर कसे अवलंबून असते, ह्याचा आकड्यांच्या आधारे विचार केला आहे.

दाणे कशासाठी?

गोळ्या दाबण्याच्या यंत्रात प्रत्येक गोळीचे द्रव्य तोलून घातले जात नाही. साच्याच्या पोकळीत जेवढे मावेल तेवढेच द्रव्य गोळीत येते. म्हणजे गोळीचे वजन हे वस्तुतः मापाने ठरते आणि एकेक पोकळी भरण्यास सेकंदाचा अल्पसा अंशच मिळतो. एवढ्या अवधीत द्रव्याने पोकळीत एकसारखे उतरले पाहिजे. वीस-तीस मायक्रॉनांचे बारीक चूर्ण असे उतरत नाही. ते एकमेकांस चिकटते, त्याच्या कमानी बनतात आणि कोठे पोकळी अर्धी राहते, तर कोठे गच्च भरते.

दुसरी अडचण विलगीकरणाची आहे. चिवड्याचा डबा हलविला की शेंगदाणे व डाळे निराळे होतात, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. आकार व घनता भिन्न असलेल्या कणांचे कोणतेही मिश्रण हलविले असता असेच घडते. डिगॉक्सिन ह्या हृदयविकारावरील औषधाच्या एका गोळीत ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग एवढेच औषध असते. गोळीचे वजन १०० मिलिग्रॅम धरल्यास चारशे भागांत औषधाचा एकच भाग पडतो. शिवाय ह्या औषधाची गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे आहे. मिश्रणातील घटक विलग झाले, तर एका रुग्णास औषध कमी पडेल व दुसऱ्यास अपाय होईल. औषधाचे कण व सहायक पदार्थांचे कण एकाच दाण्यात बांधून टाकणे, हा ह्यावरील मुख्य उपायांपैकी एक आहे.

जुनी पद्धत

पूर्वापार पद्धतीत चूर्णात स्टार्चची खळ किंवा जिलेटिनचे द्रावण घालून ते कणकेप्रमाणे मळतात, ओला गोळा जाळीतून दाबून काढतात, मिळालेले ओले दाणे तबकांत पसरून उष्ण हवेच्या पेटीत वाळवितात आणि वाळल्यावर पुन्हा चाळतात. ही पद्धत भरवशाची आहे आणि तिच्या सुधारलेल्या स्वरूपात आजही प्रचलित आहे. तथापि तिचे दोषही स्पष्ट आहेत. द्रव्य एका भांड्यातून दुसऱ्यात अनेकदा हलवावे लागते. तबकांतील वाळवणीस कित्येक तास लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तबकात स्थिर पडलेल्या थरातील पाणी पृष्ठभागाकडे सरकताना विरघळलेले औषध बरोबर घेऊन जाते. त्यामुळे वरच्या दाण्यांत औषध अधिक व तळच्या दाण्यांत कमी, अशी विषमता उत्पन्न होते.

चूर्ण प्रवाही कसे होते?

जाळीदार तळाच्या पात्रात चूर्ण ठेवून खालून हवा सोडली, तर प्रथम ती कणांमधील फटींतून वाट काढीत वर जाते व चूर्ण जागच्या जागी राहते. हवेचा वेग वाढवीत नेल्यास तिचा कणांवरील रेटाही वाढत जातो. हा रेटा चूर्णाच्या वजनाबरोबर झाला, की कण एकमेकांवर टेकून राहत नाहीत, तर हवेवर तोलले जातात. त्या क्षणापासून चूर्ण उकळत्या द्रवासारखे वागू लागते. ते खालीवर घुसळते, त्याचा पृष्ठभाग सपाट होतो आणि पात्राला भोक असल्यास त्यातून ते वाहू लागते. तळाचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर व चूर्ण १०० किलोग्रॅम असेल, तर ह्या अवस्थेत स्तराच्या खालील व वरील हवेच्या दाबांतील फरक पाण्याच्या स्तंभाच्या २०० मिलिमीटरांइतका भरतो. हा फरक अचानक कमी झाला, तर हवेने चूर्णात एखादी आडवाट पाडली आहे, असे समजावे.

ह्या तत्त्वाचा औद्योगिक उपयोग प्रथम औषधांसाठी झाला नाही. जर्मनीत फ्रिट्झ विंक्लर यांनी कोळशापासून वायू मिळविण्यासाठी तो केला आणि १९२६ साली लॉयना येथे त्यांच्या पद्धतीचे यंत्र चालू झाले. १९४२ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे खनिज तेलाच्या भंजनासाठी प्रवाही उत्प्रेरकाचा मोठा कारखाना सुरू झाला. औषधनिर्मितीत ही कल्पना आणण्याचे श्रेय विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेल वुर्स्टर यांच्याकडे जाते. हवेवर तरंगणाऱ्या कणांना लेप देण्याची रीत त्यांनी १९५९ मध्ये आणि त्याच मार्गाने गोळ्यांसाठी दाणे करण्याची रीत १९६० मध्ये प्रसिद्ध केली.

सर्वच चूर्णे सारख्याच सुलभतेने प्रवाही होत नाहीत. डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये कणांचा आकार व घनता यांवरून चूर्णांचे चार वर्ग पाडले. त्यांतील अत्यंत बारीक व चिकट कणांचा वर्ग प्रवाही होण्यास सर्वांत कठीण असतो. औषधी चूर्णे बहुधा ह्याच वर्गात मोडतात. म्हणून कणीकरणाचा आरंभ जिकिरीचा असतो. दाणे बांधले जाऊ लागले, की स्तर आपोआप अधिक चांगला घुसळू लागतो.

यंत्र आणि कामाचा क्रम

यंत्राची रचना खालून वर अशी असते. बाहेरची हवा गाळून व तापवून शंक्वाकार पात्राच्या जाळीखाली आणली जाते. पात्राच्या वर रुंद कक्ष असतो. तेथे हवेचा वेग मंदावून उडालेले कण पुन्हा खाली पडतात. ह्याच कक्षात फवाऱ्याची तोटी, म्हणजे नोझल, खाली तोंड करून बसविलेली असते. त्याच्याही वर कापडी गाळणपिशव्या असतात व शेवटी हवा ओढून घेणारा पंखा. पंखा ओढीत असल्यामुळे पात्रातील दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी राहतो व औषधाची धूळ कामाच्या खोलीत पसरत नाही. पिशव्यांवर साचलेले चूर्ण अधूनमधून झटकून खाली पाडावे लागते. ते न केल्यास औषधाचा काही भाग दाण्यांत न येता पिशव्यांतच अडकून राहतो.

कामाचे टप्पे तीन आहेत. प्रथम कोरडे चूर्ण हवेवर घुसळून मिसळले व कोमट केले जाते. नंतर पोव्हिडोन किंवा हायप्रोमेलोज यांसारख्या बंधकाचे द्रावण फवारले जाते. शेवटी फवारा बंद करून त्याच हवेवर दाणे वाळविले जातात. दाण्यांच्या पृष्ठभागावरील पाणी आहे तोवर स्तराचे तापमान फारसे चढत नाही. ते संपले की तापमान वर जाऊ लागते आणि ह्या खुणेवरून वाळवणीचा शेवट ओळखता येतो. मिश्रण, कणीकरण व शुष्कन ही तिन्ही कामे एकाच पात्रात, द्रव्यास हात न लागता होतात, हा पद्धतीचा मोठा लाभ आहे.

दाणा कसा बांधला जातो?

फवाऱ्यातील थेंब कणांवर आदळला, की तो त्यांना ओले करतो. दोन ओले कण भेटले असता त्यांच्यामध्ये द्रावणाचा सूक्ष्म पूल तयार होतो. पूल पुरेसा चिकट असेल, तर टकरीची ऊर्जा त्यात जिरते व कण जोडलेले राहतात. तो फार पातळ असेल किंवा टक्कर जोराची असेल, तर कण पुन्हा सुटतात. पाणी उडून गेल्यावर पुलातील बंधक घट्ट होतो व जोड कायम होते. अशा असंख्य जोडण्या होत, मोडत व पुन्हा होत दाणा वाढत जातो.

महाराष्ट्रातील घराघरांत संक्रांतीचा हलवा ह्याच्याशी मिळत्याजुळत्या तत्त्वाने होतो. मंद आचेवर तीळ किंवा खसखस हलवीत पाक थोडा थोडा घातला जातो. पाक एकदम अधिक पडला तर गठ्ठे होतात. आच अधिक झाली तर पाक दाण्यावर बसण्याऐवजी त्याची पिठी होते. काटा चांगला येण्यासाठी पाक पडणे व तो सुकणे ह्यांचा मेळ राखावा लागतो. हलव्यात एकेका तिळावर थर चढतात आणि कणीकरणात अनेक कण एकत्र येतात, हा फरक आहे. परंतु ओलावणे व वाळणे यांचा तोल दोन्हींकडे सारखाच निर्णायक ठरतो.

हा तोल मुख्यत्वेकरून चार गोष्टींवर ठरतो. फवाऱ्याचा वेग वाढविला की दाणे मोठे होतात. द्रावण फोडणाऱ्या हवेचा दाब वाढविला की थेंब बारीक होतात आणि दाणेही लहान राहतात. आत येणारी हवा अधिक उष्ण असली की थेंब लवकर सुकतात व दाण्यांची वाढ खुंटते. चौथी गोष्ट म्हणजे आत येणाऱ्या हवेतील बाष्प. पहिल्या तीन गोष्टी यंत्रावर कळ फिरवून ठरविता येतात. चौथी मात्र, विशेष व्यवस्था नसेल तर, आकाशातून येते.

पाण्याचा हिशेब

एक ठोस उदाहरण घेऊ. ताशी १,००० किलोग्रॅम कोरडी हवा ६० अंश सेल्सिअसला स्तरात सोडली जात आहे आणि फवाऱ्यातून ताशी ९ किलोग्रॅम पाणी येत आहे, असे धरू. म्हणजे प्रत्येक किलोग्रॅम हवेला ९ ग्रॅम पाणी वाहून न्यावयाचे आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीचा धरला आहे आणि यंत्राच्या भिंतींतून निसटणारी उष्णता सोडून दिली आहे.

पहिल्या प्रसंगी बाहेरच्या हवेत प्रतिकिलोग्रॅम १० ग्रॅम बाष्प आहे, म्हणजे तिचा दवबिंदू सुमारे १४ अंश आहे. स्तरातून बाहेर पडताना ह्या हवेत १९ ग्रॅम बाष्प असेल. पाण्याच्या बाष्पीभवनासाठी उष्णता खर्ची पडल्यामुळे तिचे तापमान सुमारे ३७.४ अंशांवर येईल आणि सापेक्ष आर्द्रता ४७ टक्के असेल.

दुसरा प्रसंग कोकणपट्टीतील पावसाळ्याचा घेऊ. तापमान ३० अंश व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असलेल्या हवेत प्रतिकिलोग्रॅम सुमारे २१.५ ग्रॅम बाष्प असते. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवून तेवढाच फवारा मारला, तर बाहेर पडताना तिच्यात ३०.५ ग्रॅम बाष्प असेल. तिचे तापमान सुमारे ३७.८ अंश भरेल. परंतु सापेक्ष आर्द्रता ७२ टक्क्यांवर गेलेली असेल.

तिसरा प्रसंग पठारावरील उन्हाळ्यातील दुपारचा. तापमान ४० अंश व आर्द्रता १५ टक्के असलेल्या हवेत सुमारे ७ ग्रॅमच बाष्प असते. ह्या हवेने बाहेर पडताना तापमान पुन्हा ३७.४ अंशांच्या आसपास व आर्द्रता ४० टक्के दिसेल.

ह्या तीन प्रसंगांची तुलना केली असता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. तापमापकाचा काटा तिन्ही वेळा जवळजवळ एकाच ठिकाणी राहिला. फरक अर्ध्या अंशाहूनही कमी पडला. आर्द्रता मात्र ४० टक्क्यांपासून ७२ टक्क्यांपर्यंत बदलली. म्हणजे केवळ स्तराच्या तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या कामगाराला काही बदलले आहे, याची सूचनाही मिळणार नाही. प्रत्यक्षात पावसाळी हवेबरोबर ताशी ११.५ किलोग्रॅम पाणी पहिल्या प्रसंगाहून अधिक आत येत आहे. तोटीतून येणारे पाणी ताशी ९ किलोग्रॅमच आहे. मोजून फवारलेल्या पाण्याहून अधिक पाणी न मोजता आत येत असेल, तर कृती तीच असूनही दाणे निराळे निघाल्यास नवल नाही.

त्याचे परिणाम

बाष्पाने भरलेल्या हवेत थेंब सावकाश सुकतात. कण अधिक काळ ओले राहतात, जोडण्या अधिक होतात व दाणे मोठे आणि घट्ट बनतात. मर्यादा ओलांडली गेली, तर स्तराचे काही भाग चिखलाप्रमाणे एकत्र येतात, हवा आडवाटेने निघून जाते व घुसळण थांबते. स्तर असा बसला, की बहुधा ती संपूर्ण बॅच वाया जाते. ह्याच्या उलट अतिशुष्क हवेत थेंब कणांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुकू लागतात. बंधकाची निरर्थक भुकटी होते, दाणे ठिसूळ राहतात आणि बारीक चूर्णाचे प्रमाण वाढते.

दाण्यांचा आकार व सच्छिद्रता बदलली, की पुढील सर्व गोष्टी बदलतात. साच्यात मावणारे वजन, गोळीचा टणकपणा, पोटात ती फुटण्यास लागणारा वेळ आणि औषध विरघळण्याची गती ही सर्व त्यांवर अवलंबून असतात. जूनमध्ये व डिसेंबरमध्ये घेतलेल्या त्याच नावाच्या गोळीने सारखाच गुण द्यावा, ही रुग्णाची अपेक्षा रास्त आहे. ती पुरी करावयाची असेल, तर हवा हाही औषधाच्या कृतीतील एक घटक समजून तिचे प्रमाण ठरविले पाहिजे.

उपाय व त्यांची किंमत

पहिला उपाय म्हणजे कृतीत ऋतुमानाप्रमाणे फेरफार करणे. वरील उदाहरणात पावसाळी हवेवरही बाहेरची आर्द्रता ४७-४८ टक्के राखावयाची असेल, तर फवाऱ्यातील पाणी ताशी ९ किलोग्रॅमांवरून सुमारे साडेसहा किलोग्रॅमांवर आणावे लागते. फवारणीचा वेळ त्यामुळे सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि स्तराचे तापमान ४४ अंशांच्या जवळ जाते. उष्णतेने बिघडणाऱ्या औषधास हे चालेलच असे नाही. शिवाय अधिक वेळ घुसळल्याने दाण्यांची झीजही होते. मान्यता मिळालेल्या कृतीत असा बदल मनास येईल तेव्हा करता येत नाही, हेही विसरून चालणार नाही.

दुसरा व अधिक खात्रीचा उपाय म्हणजे हवेतील बाष्पच ठराविक पातळीवर आणणे. त्यासाठी हवा थंड नळ्यांवरून नेऊन १४ अंशांपर्यंत गार करतात. जादा बाष्पाचे पाणी होऊन गळून जाते व उरलेली हवा पुन्हा तापविली जाते. ह्याहून शुष्क हवा हवी असेल, तर सिलिका जेलसारख्या शोषकाच्या फिरत्या चक्रातून ती नेतात. कोरड्या ऋतूत उलट हवेत स्वच्छ वाफ सोडावी लागते. ह्या व्यवस्थेचा खर्च लहान नाही. उदाहरणातील पावसाळी हवा ३० अंशांवरून १४ अंशांवर आणण्यास सुमारे १३ किलोवॉट एवढी शीतनशक्ती सतत लागते. त्यानंतर ती ६० अंशांपर्यंत तापविण्यास लागणारी उष्णताही, गार न केलेली हवा तापविण्याच्या मानाने, सुमारे दीडपट होते. परंतु बसलेल्या स्तराची किंमत व बाजारातून परत मागवाव्या लागणाऱ्या औषधाची किंमत यांच्याशी तुलना केली असता हा खर्च बहुधा योग्यच ठरतो.

कोकण किनाऱ्यावर व गोव्यात औषधांचे कारखाने आहेत, तसेच मराठवाड्याच्या पठारावरही आहेत. एका ठिकाणी सिद्ध केलेली कृती दुसरीकडे नेताना यंत्राचा आकार व तोटीचा प्रकार यांची तुलना आवर्जून केली जाते. तेवढ्याच काटेकोरपणे दोन्हीकडील हवेचे दवबिंदू वर्षभर मोजून ताडून पाहणे आवश्यक असते.

लहान यंत्रातून मोठ्या यंत्राकडे

प्रयोगशाळेतील कृती कारखान्यात नेतानाही हाच हिशेब उपयोगी पडतो. जाळीचा व्यास दुप्पट केला, तर क्षेत्रफळ चौपट होते. हवेचा वेग तोच ठेवावयाचा, तर हवाही चौपट लागते आणि ती चौपट पाणी वाहून नेऊ शकते. म्हणून फवाराही त्याच प्रमाणात वाढविता येतो. मात्र चौपट द्रावण एकाच तोंडातून सोडले, तर थेंब मोठे होतात. ते होऊ नये म्हणून तोटीला अनेक तोंडे ठेवून प्रत्येकास तेवढीच हवा पुरविली जाते. मोठ्या यंत्रात स्तराची उंची वाढल्याने तळचे दाणे अधिक दाबले जाऊन थोडे घट्ट होतात. हा फरक हिशेबाने पुरता जात नाही. त्यासाठी प्रत्यक्ष प्रयोगच करावा लागतो.

मर्यादा व दक्षता

ही पद्धत सर्व औषधांस लागू पडत नाही. ॲस्पिरिन पाण्याच्या संपर्कात हळूहळू विघटित होऊन सॅलिसिलिक व ॲसेटिक आम्ले तयार होतात. अशा द्रव्यांचे दाणे पाण्याविना, रुळांमध्ये दाबून, करणे अधिक सुरक्षित असते. घनतेत फार तफावत असलेले घटक हवेवर पुन्हा विलग होण्याचा संभव असतो. फार जड दाणे हवे असतील, तर वेगवान पात्यांच्या मिश्रकातील कणीकरण अधिक सोयीचे पडते. प्रवाही स्तरातील दाणे तुलनेने हलके व सच्छिद्र असतात. ते दाबाखाली चांगले बसतात व लवकर विरघळतात.

हवेत उधळलेले कोरडे सेंद्रिय चूर्ण ठिणगी मिळताच स्फोटक रीतीने पेट घेऊ शकते. घर्षणाने निर्माण होणारी स्थिर विद्युत् हे अशा ठिणगीचे एक कारण आहे. म्हणून पात्र, गाळणपिशव्या व नळ्या ह्या सर्वांची जमिनीशी विद्युत्-जोडणी करतात आणि यंत्र स्फोटाचा दाब सहन करील किंवा तो सुरक्षित दिशेने बाहेर सोडील असे बांधतात. पाण्याऐवजी अल्कोहोलसारखा द्रावक वापरल्यास धोका अनेक पटींनी वाढतो.

समारोप

अलीकडच्या काळात चालू यंत्रातील दाण्यांची ओल निकट-अवरक्त किरणांच्या साहाय्याने क्षणोक्षणी मोजणे शक्य झाले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, तयार मालाच्या अखेरच्या तपासणीवरच न विसंबता निर्मिती चालू असतानाच मापन व नियंत्रण करण्यावर भर दिला आहे. तथापि असे उपकरण प्रत्येक कारखान्यात असतेच असे नाही. आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान व आर्द्रता मोजण्याची साधने मात्र सर्वांच्या आवाक्यातील आहेत. ही चार मापे व फवाऱ्याचा वेग प्रत्येक बॅचच्या नोंदपत्रकात दर काही मिनिटांनी लिहिली गेली, तर पाण्याचा जमाखर्च कोणालाही साध्या गणिताने मांडता येतो. आलेले पाणी व गेलेले पाणी यांचा मेळ बसेनासा झाला, की स्तर बसण्यापूर्वीच फवारा कमी करण्यास अवधी मिळतो.